तीन तासांसाठी सिंगापूर

"शैलाताई, मी तुमच्याकडे मुंबईचं तिकीट मागितलंच नव्हतं," फोनवरची बाई म्हणाली.

ओहायोमधल्या डब्लिनहून फोन होता. आवाज अगदी हळू. गिऱ्हाईक ओरडलं की मला काही वाटत नाही, थोड्या वेळानं आपोआप थंड होतं. असं हळू बोलणारं माणूस मात्र खरं दुखावलेलं असतं.

"अहो वैशाली, पण बघा तरी," मी म्हटलं. "जाताना बँकॉक, येताना सिंगापूर, दोन्हीकडे दोन-दोन रात्री. वर मुंबईत तीन दिवस. आणि नुसत्या सिंगापूरच्या तिकिटापेक्षा स्वस्त!"

"मुंबईला उतरून मी कुणाकडे जाऊ?" तिनं विचारलं आणि फोन ठेवून दिला.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला एका लाँड्रोमॅटशेजारी किरीटभाईंची ट्रॅव्हल एजन्सी होती. एक खोली, तीन टेबलं, आणि तारेसारखे निरोप टाइप करून पाठवायचं एक टेलेक्स मशीन. मिस्टर युनिव्हर्सिटीत होते, घरी बसून मला कंटाळा यायचा, म्हणून मी तिथं चिकटले आणि पुढे सव्वीस वर्षं तेच केलं. तेव्हा तिकिटं हातानं लिहायची. लाल कार्बनच्या पानांचं पुस्तक असायचं, प्रत्येक उड्डाणाला एक पान, त्याला कूपन म्हणत. जोर देऊन लिहावं लागे, नाहीतर शेवटच्या प्रतीवर काही उमटत नसे. माझी बोटं कायम लाल. जेवायला बसले की मिस्टर म्हणायचे, "आज किती जणांना घरी पाठवलंस?"

तेच तर काम होतं आमचं. आमची सगळी गिऱ्हाइकं आपली माणसं, आणि आपल्या माणसाची सुट्टी म्हणजे इंडिया. पंधरा-पंधरा वर्षं अमेरिकेत काढलेले डॉक्टर, पण नायगारापलीकडे काही बघितलेलं नसायचं. सगळी रजा साठवायची आणि आईवडिलांच्या पायाशी नेऊन ठेवायची. त्यामुळे या वैशालीनं आठवडाभराच्या सुट्टीसाठी "बँकॉक बरं की सिंगापूर?" असं विचारलं, तेव्हा मला ते पटलंच नाही. म्हटलं, ही बाई सिंगापूरपर्यंत जाणार आणि तिथून मागे फिरणार? वेड लागलंय का?

आमच्या धंद्यात अंतराचा आणि भाड्याचा काही संबंध नसतो. मुंबईला गर्दी जास्त, म्हणून मुंबईचं भाडं कमी. वाटेत एखाद्या शहरात थांबायची मुभा असते, त्याला स्टॉपओव्हर म्हणतात. मी म्हटलं, हिला कशाला निवडायला लावा? दोन्ही शहरं देऊ आणि वर मुंबई देऊ. सीझन होता, सीटा भराभर जात होत्या. तिला न विचारता तिकीट लिहिलं आणि पोस्टानं पाठवून दिलं. किरीटभाईंनी शाबासकीही दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः फोन लावला. आधी माफी मागितली. मग म्हटलं, "वैशाली, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, अगं-तुगं केलं तर चालेल ना? काय झालंय ते सांग बाई. माहीत असेल तर मी नीट काम करीन."

तिनं सांगितलं. ती पुण्याची, नवरा मिलिंद नागपूरचा. दोघं एका कॉलेजात होते. मिलिंद बौद्ध. लग्न करणार म्हटल्यावर वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच वाक्य सांगितलं, "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." त्याला नऊ वर्षं झाली होती. नागपूरला सासरी ती दोनदा जाऊन आली होती, सासूबाईंनी कौतुकानं ठेवलं होतं. एकदा पुण्याला मावशीकडे चार दिवस राहिली, आई भेटायला येईल म्हणून. आई आली नाही, कारण नानांना कळलं होतं. नंतर नाना चार महिने आईशी एक शब्द बोलले नाहीत. आईची पत्रं मावशीच्या पत्त्यावरून यायची. सहा वर्षांच्या नातीला, रेवाला, आजीनं बघितलेलं नव्हतं.

"आणि आता नाना रिटायर झालेत," वैशाली म्हणाली. "आईला घेऊन टूरवर निघालेत. बँकॉक आणि सिंगापूर. आईनं लिहिलंय, एकदा डोळे भरून बघू दे गं. ताई, मला एकाच आठवड्याची रजा आहे. मिलिंदलाही तेवढीच. रेवाला घेऊन दोन शहरांत पळापळ नाही जमणार. कुठल्या शहरात आई एकटी बाहेर पडू शकेल, ते मला तुमच्याकडून हवं होतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझी आई अकोल्याला. तिला बघून मला पाच वर्षं झाली होती. रोज दुसऱ्यांच्या तिकिटांवर मुंबई लिहायची आणि आपला नंबर काही लागत नव्हता. पण माझ्यासाठी अकोल्याच्या घराचं दार उघडं होतं. फक्त जायचा अवकाश. मी फोनवरच रडले. मग तीच मला म्हणाली, "ताई, पाणी प्या."

पाणी प्यायले आणि कामाला लागले. "हे बघ," मी म्हटलं. "बँकॉकमध्ये आपल्या ग्रुपला दिवसभर बसमधून फिरवतात. देवळं, तरंगता बाजार. सगळे एकत्र. नवराबायको शेजारी. पण एक संध्याकाळ अशी असते की पुरुषांना शो बघायला नेतात, आणि बायका हॉटेलात पाय चेपत बसतात. ती वेळ मिळेल."

"कसला शो?"

"अगं, तसला."

पलीकडे ही मुलगी जी हसत सुटली! "नाना? ताई, नाना दोन वेळा संध्या करतात! ते बायकांबरोबर हॉटेलात बसतील आणि बाकीच्यांच्या नवऱ्यांची यादी करतील."

"मग सिंगापूर," मी म्हटलं. "तिथं शॉपिंगला मोकळा वेळ देतात. नाना खरेदीला जातात का?"

"नाना? लक्ष्मी रोडला आई दुकानात शिरली की ते बाहेर फुटपाथवर उभे राहून घड्याळ बघतात."

"झालं तर! परदेशात फुटपाथवर कुठं उभे राहणार? खोलीत झोपतील."

अशी निवड झाली. लोक शहर निवडताना समुद्र बघतात, हॉटेलं बघतात. आम्ही एका रिटायर्ड माणसाची दुपारची झोप बघून शहर निवडलं.

पण नुसत्या अंदाजावर मी तिकीट लिहिणार नव्हते, एकदा शहाणपणा नडला होता. टूर कंपनी कुठलीही असो, त्या त्या शहरात हॉटेल आणि बस बघणारा एक स्थानिक माणूस असतो, त्याला आम्ही लँड एजंट म्हणतो. त्या कंपनीचा सिंगापूरचा लँड एजंट माझ्या ओळखीचा होता. ओळख म्हणजे टेलेक्सवरची, तोंड कधी बघितलं नव्हतं. त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी मशीन खडखडलं. ग्रुप आधी सिंगापूरला येतोय, मग बँकॉक. गुरुवारी दुपारी मोकळा वेळ, दोन ते पाच. हॉटेल ऑर्चर्ड रोडजवळ.

वैशालीकडे असलेल्या छापील पत्रकात आधी बँकॉक होतं! कंपन्या ऐन वेळी क्रम फिरवतात. पत्रकावर विसंबून गेली असती तर मायलेकींची विमानं आकाशात एकमेकांना ओलांडून गेली असती. माझी पाचावर धारण बसली, त्या दिवशी मी तीन वेळा तारखा तपासल्या.

मग किरीटभाई. "बेन, मुंबई काढलीत तर भाडं वाढेल. राहू द्या ना. कोण मुंबई नको म्हणतं?"

"ही म्हणते."

"का पण?"

मी सांगितलं. किरीटभाई तसा चिक्कू माणूस, पेन्सिली मोजून द्यायचा. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आपली भूल आहे. कॅन्सल करून नवीन लिहा. तिच्याकडून जास्तीचं मागू नका." मग जाता जाता म्हणाला, "कोणाला सांगू नका, बधा, सगळेच, असंच मागतील."

सिंगापूरच्या फ्लाइटवर सीटा नव्हत्या. तिघं वेटलिस्टवर, म्हणजे कुणी रद्द केलं तर आपला नंबर. नऊ दिवस मी एअरलाइनच्या रिझर्वेशनमधल्या मुलीला रोज सकाळी फोन करत होते. शेवटी ती माझा आवाज ऐकला की हॅलोच्या ऐवजी "नॉट येट" म्हणायची. दहाव्या दिवशी "यू गॉट देम!" म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

हॉटेल मी रस्त्यापलीकडचं घेतलं, समोरासमोर. नानांच्याच हॉटेलात लिफ्टमध्ये गाठ पडली असती तर काय घ्या! वैशालीच्या आईनं कधी परदेशात एकटीनं रस्ता ओलांडलेला नव्हता, म्हणून लँड एजंटच्या गाइड मुलीला सांगून ठेवलं, आजींना हात धरून पलीकडे सोडायचं आणि पाचला परत आणायचं. आईला निरोप मावशीमार्फत गेला. बहाणा सोपा होता. शॉपिंग. मला माझ्या प्लॅनचा फार अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू?

तिथली गुरुवारची दुपार म्हणजे आमची बुधवारची मध्यरात्र उलटलेली, मला काही झोप लागली नाही. घड्याळात तास मिळवत बसले. आता आली असेल. आता बसल्या असतील.

रविवारी ती परतली आणि सोमवारी तिचा फोन आला.

"भेटली, ताई," ती म्हणाली. "दोनला दहा मिनिटं कमी असतानाच आली. दारातच उभी राहिली. आत येईचना. रेवानं तिला बघितलं आणि मला विचारलं, 'इज शी द वन इन द फोटो?' आईला इंग्लिश येत नाही, पण फोटो कळलं. तिथंच खाली बसली."

मिलिंद वाकून नमस्कार करायला गेला तर तिनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. म्हणाली, "माझ्या मुलीला सुखात ठेवलंत हो." रेवाला मांडीवर घेतलं. ती मराठीत विचारायची, रेवा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

"मग? तीन तास पोटभर बोललात ना?"

वैशाली सांगू लागली.

"तीन वाजून गेले आणि आई एकदम घाबरली. म्हणाली, अगं, मी खरेदीला आलेय! रिकाम्या हातानं कशी परत जाऊ? नाना विचारतील, तीन तास काय केलंस?"

मी कपाळावर हात मारला. एवढं तिकीट, टेलेक्स, गाइड, सगळं जुळवलं आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! लक्ष्मी रोडवरून रिकाम्या हातानं परतलेली बाई आजवर कुणी बघितली आहे का?

"मग आम्ही पळत सुटलो," वैशाली सांगत होती. "दीड तास, ताई. दीड तास दुकानांत गेला. मिलिंद रेवाला खांद्यावर घेऊन मागे. परफ्यूम, छत्र्या, चॉकलेटं. शेजारणींसाठी साड्या. आई किंमत बघायची आणि नको म्हणायची, मी पिशवीत टाकायची. मला तिला सांगायचं होतं, माझं पहिलं मूल गेलं तेव्हा... ते राहूनच गेलं. आम्ही साड्यांचे रंग बघत होतो."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शेवटी नानांसाठी काही नाही म्हणून मी दाढीचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं. आई म्हणाली, ते हात नाही लावायचे, त्यांना आपला साधा रेझरच लागतो. मी म्हटलं, घे गं, इथलं आपल्याकडच्या व्होल्टेजवर चालतं. पाचला गाइड आली. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यामुळे मला जवळसुद्धा नीट घेता आलं नाही."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही कशाला सॉरी? दीड तास तरी मिळाला. नऊ वर्षांत मिळाला नव्हता."

चार महिन्यांनी तिनं मला आईच्या पत्रातल्या दोन ओळी फोनवर वाचून दाखवल्या. त्या माझ्या अजून पाठ आहेत. "नाना ते मशीन रोज सकाळी वापरतात. परवा म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी बरं निवडून आणलंस."

वैशालीनं त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. लाँग डिस्टन्सचं मीटर पळत होतं, पण तिनंही फोन ठेवला नाही आणि मीही नाही.

पुढे मी अशा भेटी पुष्कळ जुळवल्या. देश वेगळे, कारणं वेगळी, पण कुणाला तरी कुणापासून लपूनच भेटायचं असे. वेळापत्रकाच्या खाली मी हातानं एक ओळ लिहून द्यायचे, लाल पेनानं. ती कुठल्याही ट्रॅव्हलच्या कोर्सात शिकवत नाहीत.

खरेदी आदल्या दिवशीच करून ठेवा.