नानांचे चार तारांचे युकुलेले

पॉलिशच्या दुकानात रोज बसणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर लाकडाची धूळ नकळत साठते. किस्स्यांचेही तसेच. जळगावात इस्माईलभाईंच्या दुकानातील बाकावर मी आणि नाना रोज दुपारी बसत असू. इस्माईलभाई फर्निचरला पॉलिश करीत. आम्ही दोघे विधुर, निवृत्त, त्यांच्या कामात व्यत्यय आणीत असू. त्या बाकावरच्या बहुतेक किस्स्यांना नानांचे युकुलेले कारणीभूत आहे. युकुलेले म्हणजे गिटारीचे धाकटे भावंड.

*

नानांनी ते मोबाईलवरून मागवले. सतार का नाही, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "सतारीला तारा फार. माझ्या शिल्लक आयुष्यात चारच बसतील."

खोके उघडले तर पोट वेगळे, मान वेगळी, खुंट्या पुडीत. माल फोडून आणल्याबद्दल नाना कुरिअरवाल्याला फोनवर खडसावू लागले. तोवर मी खोक्यावरील मजकूर वाचला. ते स्वस्तातले किट होते. जोडणे, घासणे, रंगवणे हे सारे गिऱ्हाइकाने घरीच करायचे.

नानांनी फोन ठेवला. "मंग कारखानावाला काय करस, आबा?"

*

सोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत होते. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात झाले. शब्दकोश घेऊन मी तीन दिवसांत त्याचे अकरा कलमी भाषांतर सुवाच्य अक्षरात सिद्ध केले आणि दुकानात उभे राहून वाचून दाखवले. इस्माईलभाईंनी हातातले काम थांबवून अखेरपर्यंत अदबीने ऐकले.

"बहोत खूब, आबा," ते म्हणाले. "आता जरा बाजूला व्हा. तुम्ही माझ्या पॉलिश पेपरवर उभे आहात."

*

पॉलिश मात्र मी स्वतः दिले. एकेक हात वाळू देत सात हात दिले. नानांना त्यात आपला चेहरा दिसू लागला. मग ज्या लाकडी पट्टीला तारा बांधतात ती घोडी सरस लावून चिकटवली. दुसऱ्या दिवशी तारा ताणताच घोडी सुटली आणि नानांच्या चहात पडली.

"सरस लाकडाला धरतो, आबा. चकाकीला नाही," इस्माईलभाई म्हणाले आणि माझ्याच भाषांतरातील सातवे कलम त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले. 'घोडीची जागा कोरी ठेवावी.'

अक्षर खरोखरच सुवाच्य होते.

*

नाना मूळचे चोपड्याचे, केळीच्या बागांतले. म्हणून युकुलेलेच्या पोटावर त्यांना केळीचे पान हवे होते. इस्माईलभाईंनी ते हिरव्या रंगात काढले. पहिले गिऱ्हाईक म्हणाले, मासा झकास जमला आहे. दुसऱ्यालाही मासाच दिसला. नाना माळकरी, त्यांनी तातडीने पानाला लांब देठ काढायला लावला.

तिसरे गिऱ्हाईक बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "गळाला लागलेला दिसतो."

*

घोडी पुन्हा चिकटवली त्याच आठवड्यात नानांचा मुलगा येऊन त्यांना कायमचे धुळ्याला घेऊन गेला. या वयात एकटे राहणे बरे नव्हे, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. गाडीत बसताना नाना एवढेच म्हणाले, "पुरं झालं की घेऊन या. कुरिअरनं धाडू नका."

त्यानंतर बाकाची अर्धी बाजू रिकामी दिसू नये म्हणून मी मध्यभागी बसू लागलो. इस्माईलभाईंनी दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आबा, सरका. नानांच्या जागेवर मला डबा ठेवायचा आहे."

मी सरकलो. डबा त्यांनी कधीच ठेवला नाही.

*

काम पुरे झाल्यावर मी एस.टी.ने धुळ्याला गेलो आणि युकुलेले नानांच्या हाती दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "आबा, बठ्ठ्या चारी तारा उतरी ग्यात."

नायलॉनच्या नव्या तारा सुरुवातीला ताणत जातात आणि सूर उतरतो. तो पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. खुंट्या पिळणे आपल्या बोटांना जमत नाही, असे नानांनी सांगितले. म्हणून मी दर मंगळवारी धुळ्याला जाऊ लागलो. सूर जुळवायचा, नानांची एकुलती एक चाल ऐकायची, सूनबाईंच्या हातचे जेवायचे आणि चारच्या गाडीने परतायचे.

इस्माईलभाईंच्या मते अशा तारा पंधरा दिवसांत स्थिरावतात. मला जाऊ लागून पाचवा महिना चालू होता. तारा स्वस्तातल्या आहेत, असे मी त्यांना सांगितले. त्या स्थिरावल्या तर मंगळवारचे काय करायचे, याचा विचार मी करीत नसे.

*

गेल्या मंगळवारी गाडी अर्धा तास लवकर पोहोचली. घराचे दार उघडेच होते. नाना खाटेवर पाठमोरे बसून वाजवत होते. चारही तारा चोख सुरात होत्या. चाल संपली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि एकामागून एक चारही खुंट्या सफाईने सैल केल्या.

मी पायांचा आवाज न करता कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. एक चहा घेतला, मग आणखी एक घेतला आणि नेहमीच्या वेळेला येऊन कडी वाजवली.

"या, आबा," नाना म्हणाले. "पुन्हा ढिल्या पडी ग्यात."

मी चष्मा पुसला, युकुलेले मांडीवर घेतले आणि एक तार छेडून पाहिली.

"या खेपेस जरा जास्तच उतरल्या आहेत," मी म्हणालो.