डायलिसिसच्या खाटेवरची मारामारी

माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत होतं, की तो मारामारीचा खेळ हातातल्या कन्सोलवर आणायलाच नको होता. "नास करून टाकला ताई," तो म्हणायचा. "टीव्हीवर याच्या कपाळावरचा घाम दिसते. अन् इथं? तोंड पाह्य याचं, कणकेचा गोळा हाय."

खोटं नव्हतं ते. अकोल्यात त्याच्या घरी मोठ्या टीव्हीवर तोच खेळ मी पाहिला होता आणि किळस येऊन स्वयंपाकघरात निघून गेले होते. हाडं मोडल्याचा आवाज, रक्ताच्या चिळकांड्या, शेवटी जिंकणारा हरणाऱ्याचा पाठीचा कणा उपटून हातात धरतो! आई म्हणायची, "पंचशील म्हणता अन् हे पाहता, लाजा नाई वाटत?" छोट्या पडद्यावर मात्र त्या सगळ्याची रयाच गेली होती. चेहरे पुसट, अक्षरं मुंगीएवढी, मागचे प्रेक्षक पुतळ्यासारखे उभे. लढत सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की मधे माझं वांगं चिरून झालं असतं. रक्त तर रसना सांडल्यासारखं. मला तेवढं बरं वाटायचं.

ते डबडं त्यानं डायलिसिससाठी घेतलं होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास खाटेवर पडून राहावं लागे. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून जाड केलेली, तिच्यात दोन सुया. तो हात हलवायचा नाही, म्हणजे नाहीच. माणूस एका जागी कधी न बसलेला, लहानपणी अमरावतीत व्हिडिओ गेमच्या दुकानातून मी त्याला कान धरून घरी आणलेलं. त्याला चार तास असं पाडून ठेवायचं म्हणजे जीव घेणंच.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायची. त्या दिवशी त्याची बायको जरा घरी पाठ टेकायची आणि मी त्याच्याजवळ बसायची. कन्सोलच्या दोन्ही बाजूंचे कंट्रोलर निघायचे, एक त्याला, एक मला. तो पोटावर उशी ठेवायचा, उशीवर कंट्रोलर, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी खेळायचा. मी दोन्ही हातांनी, जीव खाऊन. तरी हरायची. नुसती हरायची नाही, माझी फायटर बाई दर वेळी कणा गमावून बसायची. "अबे जरा हळू मार ना," मी ओरडायची, आणि सिस्टर पलीकडून डोळे वटारायच्या. शेजारी पारदर्शक नळीतून त्याचं खरं रक्त मशीनमध्ये जायचं आणि परत यायचं. तिकडे आम्ही दोघंही बघत नसू.

माझी किडनी त्याला जुळत होती. आई म्हातारी, त्याच्या बायकोला शुगर, म्हणजे उरले मी. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. नवरा हो म्हणाला, सासू काही दिवस तोंड फुगवून बसली आणि मग तीही हो म्हणाली. नाही म्हणत होता तो एकटा.

"बहिणीले द्यायचं असते ताई. बहिणीजवळून घ्यायचं नसते."

आमच्याकडे आहे हे. बहीण माहेरी आली तर तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, आणि बहिणीच्या घरून येताना भावानं काही आणायचं नाही. आमचे वडील तर माझ्या घरी आले की चहासुद्धा नको म्हणायचे. मला हे सगळं मान्य होतं, पण डाळ-तांदुळापुरतं. माणूस मरायला टेकलाय आणि याला रीत सुचतेय! मी चिडायची. "बह्याड झाला का तू? किडनी म्हणजे काय साडी-चोळी हाय?" तो हसायचा आणि पुढची लढत लावायचा.

एका शनिवारी मी फारच मागे लागले. रडलेसुद्धा, खाटेशी, सगळ्यांदेखत. तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बरं. मले या गेममंधी हरव एकदा. खरंखुरं. मंग घेतो."

नाही म्हणायची ती त्याची पद्धत होती, हे मला कळत होतं. जिला उडी कुठल्या बटणानं मारायची तेही आठवत नाही, ती काय हरवणार? पण शब्द तर दिला होता ना त्यानं. मी त्याच्याकडून ते डबडंच मागून नेलं आठवडाभर. शाळेच्या वह्या बाजूला सारून, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून खेळत बसले. नवरा म्हणाला, "शाळेत सांगू का, बाई काय करून राहिल्या ते?" अंगठ्याला फोड आला. त्या पुसट पडद्यावर समोरच्यानं हात उगारला की पाय, हे दिसतच नाही, म्हणून मी आवाजावरून ओळखायला शिकले. एक चाल मला नीट जमली. वाकून पायात पाय घालायचा आणि पडलेल्याला उठूच द्यायचं नाही.

त्या चालीनं एकदा मी त्याला जवळजवळ हरवलं होतं. शेवटचा फटका बसणार, तेवढ्यात खेळ अडखळला, क्षणभर चित्रच थिजलं, आणि सुरू झाला तेव्हा त्याच्या टकल्या फायटरनं मला उचलून आपटलेलं. "हे धरायचं नाई!" मी म्हटलं. "काहून नाई? मशीन माही हाय का?" तो खोखो हसत होता. एवढा हसला की त्याला धाप लागली. मला तेव्हा राग आला होता. धापेकडे लक्षच गेलं नाही.

मग पावसाळ्यात त्याला श्वास पुरेना म्हणून दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथून सुटून तो पुन्हा डायलिसिसला यायला लागला, त्या पहिल्याच शनिवारी डॉक्टरांनी मला आत जाण्याआधी बाजूला बोलावलं. भले माणूस होते. म्हणाले, त्याचं हृदय आता फार कमजोर झालंय, भूल सोसणार नाही. किडनी बसवायचा विचार आता सोडून द्या. घरच्यांना हळूहळू सांगू. मी मान हलवली. मग पदरानं तोंड पुसून आत गेले.

तो माझीच वाट पाहत होता. "लाव," म्हणाला.

मी लावला. ठरवूनच बसले होते, की हरायचं. लढत सुरू झाली आणि त्याचा टकल्या नुसता उभा. त्याची बोटं बटणापर्यंत जात होती, दाबत नव्हती. मीही माझ्या बाईला उभीच ठेवली. ते दोघं त्या छोट्या पडद्यावर समोरासमोर नुसते डुलत राहिले.

"मार ना! उभी काहून हाय?" तो खेकसला. "मले बिमार समजून खेळून राहिली का? तसं खेळायचं असन तर ठेव खाली."

मग मी मारलं. पायात पाय घातला, पाडलं, उठू दिलं नाही. त्यानं दोनदा प्रयत्न केला, बोट घसरलं. पडद्यावर ती रसन्यासारखी लाली पसरली आणि माझी बाई जिंकली. आयुष्यात कुठलीही गोष्ट जिंकून मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. मला तिथंच ओरडून रडावंसं वाटत होतं.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला. चेहरा एकदम मोकळा, पोरासारखा.

"जिंकली तू. आता शब्द नाई फिरवत. घेतो तुह्यी किडनी."

"हो," मी म्हटलं. "सोमवारी बोलते डॉक्टरांशी."

त्यानं कंट्रोलर उशीवरून बाजूला सारला. मशीनचं घरघरणं तेवढं चालू होतं. मग अगदी हळू आवाजात, सिस्टरला ऐकू जाऊ नये असं, त्यानं विचारलं,

"ताई, खरं सांग. ते काढताना तुले लय दुखते का वो? मले तेच भेव वाटे."

"नाई रे बाबू," मी म्हटलं. "मले काईच नाई दुखत."