ओढ्याचं पाणी उलटं चढतं तेव्हा

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. पण मुळा धरण भरू लागल्याची बातमी पेपरात आली की त्या दिवशी मला घरात बसवत नाही. नगरच्या घराच्या अंगणात मी येरझाऱ्या घालत राहतो. बायको म्हणते, "गेलात का परत त्या ओढ्यावर?"

तेव्हा मी धरणाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक ओढा होता. डोंगरात उगम, वर्षातले बरेच महिने कोरडा, पात्रातून ट्रॅक्टर जाणार. धरण झालं तेव्हा त्याचा खालचा भाग फुगवट्यात गेला. काठावरचं जुनं गाव उठून माळावर आलं. आता धरण भरलं की पाणी ओढ्यात लांबवर शिरतं आणि ओसरलं की मागे काळा गाळ राहतो. त्या गाळपेराच्या जमिनीत हरभरा आणि कलिंगड असं येतं की बघत राहावं. त्या पट्ट्याला गाव 'खाडी' म्हणतं. समुद्र कुठल्या कुठे, पण पाणी येतं आणि जातं म्हणून खाडी. दरवर्षी बांध पाण्याखाली जातो आणि दरवर्षी हद्दीचं भांडण नव्याने सुरू होतं.

त्या पावसाळ्यात एका सकाळी एक बाई तिच्या दिराला घेऊन ठाण्यात आली. नवरा आदल्या दिवशी पहाटे खाडीकडे गेला होता, तो परत आलाच नव्हता. मोटारसायकल काठावर उभी होती. दीरच बोलत होता.

"सायेब, शेजाऱ्यासंगं बांधावरनं वाद हुता. पान्यात घालीन म्हनला हुता तो. समद्या गावानं ऐकलंय."

मिसिंग दाखल केली. दुपारपर्यंत खबर आली, की त्या शेजाऱ्याला नवरा गेला त्याच सकाळी ओल्या कपड्यांत खाडीवरून येताना पाहिलं आहे. मी त्याला चौकशीसाठी आणलं. पन्नाशीचा, रापलेला गडी. त्याने काही लपवलं नाही.

"व्हय, म्हनलो हुतो. रागात मानूस काय बी म्हनतो. पान्यात उतरलो ते मोटर वर घ्यायला. पानी चढाया लागलं की रोज वडावी लागती. मी त्याला हात बी लावला न्हाई."

मोटर खरोखरच नुकती हलवलेली होती. पण एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही, म्हणून त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

बोट घेऊन शोध सुरू केला. बेपत्ता माणसाचा भाऊ, म्हणजे ठाण्यात आलेला तो दीर, पूर्ण वेळ आमच्याबरोबर होता. तो सारखा खालच्या बाजूला, धरणाच्या मोठ्या पाण्याकडे हात करायचा. "वढ खाली हाय सायेब, तिकडंच गेला आसंल." आम्ही तिकडे गळ टाकून थकलो. इकडे ठाण्यासमोर गर्दी वाढत होती. शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला कोणीतरी आग लावली. रस्त्यावर टायर जळले. वरिष्ठांचे फोन सुरू झाले, "अटक का दाखवत नाही?" ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं असे लोकही जबाब द्यायला पुढे येत होते, आणि प्रत्येकाचा जबाब आधीच्यापेक्षा पक्का होता. शेजाऱ्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिच्यासाठी कोणी पाणीसुद्धा आणत नव्हतं. मी हवालदाराला सांगून आणवलं.

मला कुठे चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शिपायाला घेऊन मी खाडीवर गेलो. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मी काठावर बसून नुसता पाण्याकडे बघत होतो. फेसाचा एक पुंजका, त्यात काटक्या, असा माझ्यासमोरून गेला. तो डोंगराच्या दिशेने जात होता. वाऱ्याने असेल असं आधी वाटलं. पण वारा पडला तरी मागचे पुंजकेही तिकडेच निघाले.

मग लक्षात आलं. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, ओढा वरून वाहतच नव्हता. पाऊस पडत होता पार हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात. तिकडच्या पाण्याने धरण भरत होतं आणि तेच पाणी ओढ्यात उलटं चढत होतं. मी तर बदलीवर आलेला माणूस होतो. पण ज्याचा जन्म या काठावर गेला, तो मला खालची ओढ का सांगत होता?

त्या फेसात मेलेले मासेही होते. पाणी नव्याने गवतावर चढतं तेव्हा मासे अंडी घालायला उथळात येतात. हे मासे मोठे होते, मधले होते आणि बोटाएवढी पिल्लंही होती. जाळ्यात एवढी पिल्लं मरत नाहीत. एक मासा उचलून पोटावर दाबला, तर आतलं सगळं फुटलेलं. असे मासे मी आधीच्या एका ठाण्यात पाहिले होते. विहिरीच्या सुरुंगासाठीची जिलेटीनची कांडी पाण्यात टाकली की असे मासे वर येतात.

बोट वरच्या बाजूला वळवली. ओढ्याच्या वळणावर बाभळीच्या फांद्यांत कचरा अडकला होता, तिथेच प्रेत मिळालं. उजवा हात मनगटापासून नव्हता. शवविच्छेदनात स्फोटाच्या जखमा निघाल्या.

मृताचा भाऊ विहिरी फोडणाऱ्या टोळीत कामाला होता. मी त्याला बोलावलं, चहा दिला आणि गप्पा मारत बसलो. आरडाओरडा केला की माणूस आतून दार लावून घेतो, हा माझा अनुभव. बोलताना तो सारखी मान वळवून उजवा कान माझ्याकडे करत होता. मी उठून त्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि हलक्या आवाजात विचारलं, "कांडी हातातच फुटली का रे?"

त्याला ऐकूच आलं नाही. मी पुढे येऊन म्हणालो, "डाव्या कानाला काय झालं?"

त्याचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तोंड झाकून घेतलं.

"मासं मारायला गेलो हुतो. पयली कांडी पान्यात उडाली, दुसरीची वात लई आखूड हुती सायेब. दादा टाकायच्या आधीच उडाली. दादा पान्यात गेला, मी पळालो. घरी आलो तर वहिनी म्हनली, हे कुठं हाईत? माझ्या तोंडातनं शेजाऱ्याचं नाव गेलं. मी फकस्त एकदा म्हनलो, सायेब. मंग गावच म्हनाया लागलं. माघारी कसं घेऊ?"

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पंचांसमक्ष निवेदन घेतलं. त्याने स्वतः गोठ्यामागे पुरलेल्या उरलेल्या कांड्या काढून दिल्या. मग गुन्हा योग्य कलमांखाली दाखल झाला.

शेजाऱ्याला मी माझ्याच जीपमधून भर दुपारी गावात नेऊन सोडलं. सगळ्यांनी बघावं म्हणून. चावडीवर माणसं होती, पण कोणी त्याच्याकडे बघेना. गंजी जळाली त्याचं काय, असं मी विचारलं तर एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमी कुठं काय म्हनलो सायेब? कानावर आलं तेच बोललो." शेजारी खाली मान घालून घराकडे चालू लागला. त्या वर्षी पाणी ओसरल्यावर त्याने गाळपेर केला नाही, असं पुढे कळलं.

मृताची बायको काही दिवसांनी शवविच्छेदनाच्या कागदासाठी आली. दिराला शिक्षा किती होईल, हे तिने विचारलं नाही. कागद घडी करून पदराखाली धरला आणि म्हणाली, "शेजारच्या बाईच्या तोंडावर मी थुंकले, सायेब. दिरानं खरं सांगितलं आसतं तर आमी दोघं मिळून रडलो आसतो. माझ्या हातचा चहा पीत हुता तो, आन मी वाट बघत हुते."



नोकरीत खोटं बोलणारी माणसं रोज भेटली. त्यांची भीती मला कधी वाटली नाही. खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो, नजर चुकवतो, तपासाला जागा ठेवतो. त्या प्रकरणात खोटं बोलणारा एकच होता. बाकीचं सगळं गाव प्रामाणिकपणे, मनापासून, छातीवर हात ठेवून चुकीचं सांगत होतं. त्या जबाबांत मला एकही फट सापडली नव्हती. प्रेत आणखी चार दिवस सापडलं नसतं, तर मी त्या निरपराध माणसाला अटक करून मोकळा झालो असतो, आणि मला झोपही शांत लागली असती.