बाळंतिणीच्या लाडवातलं तूप

लाडू टाळूला चिकटला तेव्हाच माझं डोकं फिरलं. साजूक तुपातला लाडू असा चिकटून बसत नाही. हा वनस्पती तुपातला होता. वडिलांनी माझ्या बाळंतपणासाठी फुलंब्रीहून म्हशीच्या तुपाचा डबा आणून दिला होता. आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण मुकुंदवाडीला सासरीच झालेलं. सासूनं तो डबा माळ्यावर चढवला. का, तर नणंदेला सातवा लागलेला, ती माहेरपणाला येणार. मी विचारलं तर म्हणे, तूप ते तूप, लेकरू काय चव घेतंय का.

वर माझ्याच नावानं शंख. पोरगी अंगानं भरत नव्हती, तर हिचं दूधच पाणचट! एकदा वाटीत काढायला लावून शेजारणींना उजेडात दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मुकाट पावडरचा डबा घेऊन आला. मी हट्टाला पेटले. पोरगी बाटलीला लागली की माझं दूध आटणार, आणि ही बाई गावभर सांगणार, "मी म्हणतच होते, हिला दूधच नाय."

पोरीला दवाखान्यात नेलं, लाडवांचंही बोलले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पातळ दिसतं म्हणून दूध वाईट नसतं. आईच्या खाण्यानं दुधातली चरबी फारशी कमी-जास्त होत नाही, पण ती कसली असेल हे खाण्यावर ठरतं. वनस्पती तुपातली वाईट चरबी दुधातून बाळाच्या अंगात जाते, तीही मेंदू वाढायच्या दिवसांत. जवस खा, अक्रोड खा, ते लाडू बंद करा. आणि वजनाचं म्हणाल तर, पाजायच्या आधी सासूबाई गुटी आणि पाणी देतात, मग भूक राहील कशी?

घरी येऊन हे सगळं सांगितलं. सासू हसली. म्हणाली, आम्ही चार-चार लेकरं वाढवली, तवा कुठं होती डॉक्टरीण? लाडवानं कुणी मेलं नाय.

रविवारी नणंद आली. बिडकीनहून येताना भूक लागलेली, तिनं ओट्यावरचा माझ्या लाडवांचा डबा उघडून लाडू उचलला. सासू धावत आली आणि तो तिच्या हातातून काढून घेतला.

"ते नको खाऊ. पोटातल्या लेकराला बाधंल."

नवरा तिथंच बसला होता. मी पोरीला पदराखाली घेऊन बसले होते.

"आणि माझ्या लेकराला?" मी विचारलं.

सासूनं तो लाडू परत डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं. माझ्यासाठी.