वेंडलचं चॅनेल आणि आर्डिसची मालिका

आमच्या सहा नंबरच्या चॅनेलने दोन वेळा नेटवर्क बदललं आणि दोन्ही वेळा लोकांची बोलणी वेंडल टॉफ्टने खाल्ली. बिचाऱ्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तो फक्त हवामान सांगायचा. पण किराणा दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर लोकांना भेटायचा तो तोच. मालक दूर डेन्व्हरला बसलेला, त्याला कोण बोलणार?

मी तिथे कॅमेऱ्यावर होते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं. आमचं स्टेशन एवढंसं. सकाळच्या शेतीभावापासून बातम्या-हवामानापर्यंत थोडं आमचं, बाकी सगळं न्यूयॉर्कहून आलेलं. ज्या नेटवर्कशी करार, त्याचे कार्यक्रम. आधी आम्ही घंटेवाल्यांचे, म्हणजे घंटेचं चिन्ह असलेल्या नेटवर्कचे होतो. मग मालकाचं बिनसलं आणि ताऱ्यावाल्यांचे झालो. तेव्हा रविवारचा फुटबॉल गेला. "काय रे वेंडल, आता आम्ही रविवारी बायकोचं तोंड बघत बसायचं का?" असं शेतकरी त्याला भर रस्त्यात विचारायचे. वेंडल आपला हसून टोपी खाली ओढायचा. मालकाने नव्या चिन्हाचे कोट शिवून दिले, तर हा जुन्याच कोटावर नवं चिन्ह शिवून घेऊन आला. कोट अजून चांगला आहे म्हणाला. शेतकऱ्याच्या पोटचा, दुसरं काय करणार!

दुसऱ्या वेळी आम्ही एका नव्या नेटवर्कच्या पदरी पडलो. त्यांच्याकडे कार्टून आणि कुस्त्या, एवढंच. आमच्याकडची दुपारची मालिका बारा नंबरवर गेली. ते चॅनेल पार मोठ्या शहरातलं. तिच्यामागोमाग गावातल्या निम्म्या बायका गेल्या आणि त्यांत वेंडलची बायको आर्डिस पहिली.

मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा हा विषय निघाला.

"माझी स्वतःची बायको मला बघत नाही," वेंडल बटाटे वाढून घेत म्हणाला.

"अरे, तुला रोज समोर बसवून बघते की! अजून किती बघू?"

"आणि वादळ आलं तर?"

"फोन कर."

"फोन तू काढून ठेवतेस, आर्डिस."

"फक्त मालिका चालू असते तेव्हा."

"वादळं दुपारीच येतात."

मी हसले, आर्डिस हसली. वेंडल हसला नाही. त्याच्या त्या न हसण्यावर मी नंतर फार विचार केला आहे. बारा नंबरवाले त्यांच्या शहराची काळजी करतात. आमचा तालुका त्यांच्या नकाशाच्या कडेला कुठेतरी. आणि टॉफ्टांचं घर गावाबाहेर, जिथे वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा ऐकू येत नाही. घराला तळघर नाही. वादळ आलं की दोघं त्याच रस्त्यावर थोडं पुढे राहणाऱ्या हारलन क्रूसच्या तळघरात जायची.

मे महिन्यात ते झालंच. दुपारी आभाळ हिरवट पडलं आणि वेंडल कार्टून थांबवून पडद्यावर आला. पश्चिमेला गरगर फिरणारी ढगाची सोंड जमिनीला टेकली होती. तो नेहमीसारखा शांतपणे रस्त्यांची नावं घेत होता: कालव्याचा रस्ता, स्मशानाचा रस्ता. त्याचा एक नियम होता, वादळात माणसाचं नाव घ्यायचं नाही. एकाचं घेतलं की दुसऱ्याला वाटतं, माझं का नाही घेतलं.

नकाशा पडद्यावर गेला की त्याला कुणी बघत नसे. तेवढ्यात तो माझ्याकडे बघायचा. मी स्टुडिओतल्या फोनवरून त्याच्या घरचा नंबर फिरवत होते. एंगेज. पुन्हा एंगेज. मी नकारार्थी मान हलवायची, आणि तो परत नकाशाकडे वळायचा. हारलनकडे लावला तर तो कुणी उचलेना. त्या मालिकेत त्या वेळी कोण कुणाशी लग्न करत होतं देव जाणे, पण मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

सोंड स्मशानाच्या रस्त्याला लागली. पुढचं वळण टॉफ्टांचं. वेंडल बोलता बोलता थांबला. थेट प्रक्षेपणात तो असा कधी थांबला नव्हता. नकाशा सोडून तो कॅमेऱ्यासमोर आला.

"माझी बायको बारा नंबर बघतेय," तो म्हणाला. "तिला काही कळलेलं नाही. फोन काढून ठेवलाय. आमच्या रस्त्यावर कुणी मला बघत असेल, तर दार वाजवा. आणि बाकीच्यांनो, तुमच्या शेजारी कोण आमचं चॅनेल सोडून गेलं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझ्याजवळ तक्रारी केल्यात ना तुम्ही? वेळ असेल तर त्यांची दारं वाजवा, आणि त्यांना घेऊन तळघरात जा."

मग तो परत नकाशाकडे गेला. पण आवाज कापत होता, आणि डावं-उजवं दोनदा चुकलं. सोंड त्या वळणावरून गेली हे रडारवर आम्ही दोघांनी पाहिलं. त्यानंतर जो वेळ गेला, तो मला आजही सहन होत नाही.

फोन वाजला.

"जोनी, मी आर्डिस," ती धापा टाकत होती. "हारलनच्या तळघरातून बोलतेय. वेंडलचं ऐकून तो ट्रक घेऊन आला, मला चपला घालू दिल्या नाहीत मेल्याने."

मी वेंडलला अंगठा वर करून ती सुखरूप असल्याची खूण केली. त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"घर गेलं गं," आर्डिस म्हणाली. "आम्ही वर जाऊन बघितलं. उभं काही राहिलं नाही. पण त्याला आत्ता सांगू नकोस. सोंड पुढे लिंडन गावाकडे चाललीय, तिथल्या लोकांना त्याने नीट सांगायला हवं. इथे हारलनचा बॅटरीवरचा टीव्ही आहे. आम्ही बघतोय त्याला."

मी फोन ठेवला आणि कॅमेऱ्यामागे उभी राहिले. वेंडलचा आवाज आता पहिल्यासारखा स्थिर झाला होता. लिंडनची शाळा, लिंडनचा पूल, धान्याचं कोठार, एकेक ठिकाण घेऊन तो लोकांना खाली जायला सांगत होता. मध्येच त्याने माझ्याकडे बघून भुवई उंचावली, म्हणजे घराचं काय? मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. मी रडत होते, ते त्याला दिसायला नको होतं.

नदीपलीकडे वादळ विरलं, तेव्हा मी त्याला बाहेर नेलं आणि घर गेल्याचं सांगितलं, आर्डिस तळघरातून त्याला बघत होती तेही. तो पायरीवर बसला.

"ती खरंच बघत होती?" त्याने विचारलं.