टाकी फुलच होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ना मुलाला, ना सुनेला, ना गावाकडच्या बहिणीला, जिच्यापासून मी काही लपवत नाही. आज नातीची अर्धी कोरी वही हाती लागली म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं, ओळ खाली घसरते. पण लिहिता येतं — आणि लिहिता येत असून तीन वर्षं लिहिलं नाही, यातच काय ते आलं ना?

तुम्हाला वाटेल, गाडीच्या डिझेलचं एवढं काय? मलाही तसंच वाटायचं.

माझा मुलगा अमोल जर्मनीत, रेगेन्सबर्गला इंजिनीअर आहे. मी हिवाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा दारात एक धूड उभं होतं. डिझेलचा पिकअप — पुढे पाच माणसं बसतील, मागे उघडा हौदा, चढायला पायरी. जड ट्रेलर ओढायला असल्या गाड्या घेतात. अमोलची छोटी कंपनी त्या गाड्या रोजच्या वापरात खरोखर किती डिझेल पितात ते तपासायची. कागदावर एक आकडा असतो आणि रस्त्यावर दुसराच निघतो, म्हणून ती मुद्दाम घरच्यासारखी वापरायची. बाजाराला न्यायची, कामाला न्यायची, पोरीला पोहायला सोडायची.

आपण विचारतो, गाडी ॲव्हरेज किती देते? इथे उलटं. शंभर किलोमीटरला किती लिटर प्यायली ते बघतात. आकडा जितका लहान तितकं बरं. हे मला संतोषने समजावलं होतं. माझ्या मुलाने नाही, संतोषने.

संतोष अमोलच्याच कामावर होता. सांगलीकडचा, पस्तिशीचा. बायको अजून गावी. घर मिळालं आणि फेरट्राग — म्हणजे नोकरीचा करार — पुढे वाढला की तिला आणणार होता. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. “काकू, मी तुमच्या लसणाच्या चटणीसाठी येतो हं, तुमच्या लेकाचं तोंड तर रोजच बघतो,” म्हणायचा. इथे आल्यावर माझ्याशी सावकाश, थांबून बोलणारा तेवढा एकच माणूस.

मोजायची रीत साधी होती. आठवडाभर गाडी संतोषकडे, शनिवार-रविवार आमच्याकडे. शुक्रवारी तो टाकी फुल करून गाडी आणून द्यायचा आणि सोमवारी पुन्हा फुल करायचा. सोमवारी जेवढं डिझेल आत गेलं, तेवढं आमच्या दोन दिवसांत लागलं. वहीही त्याचीच. गाडीत एक यंत्र होतं, पण ते चाकं फिरली की नोंद घ्यायचं. उभ्या गाडीचं त्याला काही कळायचं नाही.

उभी गाडी. तिथे मी बसलेली असायचे.

शनिवारी अमोल माझ्या नातीला, रेवाला पोहायला न्यायचा, मलाही बरोबर घ्यायचा. पहिल्या वेळी आत गेले. सगळीकडे ओली, उघडी माणसं. बाजूच्या कॅफेत बसले तर एक बाई येऊन काहीतरी विचारू लागली. मला कळेना. तिने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. मी उठून बाहेर आले. त्यानंतर मी गाडीतच बसायचे. “मला बाहेर बघायला आवडतं,” असं सांगितलं. किल्ली माझ्याकडे असायची, कंटाळा आला तर कुलूप लावून आत यावं म्हणून.

थंडी अशी की बोटं आपली वाटेनात. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी सरकून अमोलच्या जागी बसले. पाय जेमतेम ब्रेकला टेकला. किल्ली फिरवली. मला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. ते इंजिन घरघरायला लागलं आणि हळूहळू ऊब आली — खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढं मोठं धूड माझ्या हाताने चालू झालं याचा.

मग दर शनिवारी, तास-दीड तास.

एकदा कुत्र्याला घेऊन चाललेल्या एका म्हातारीने काच ठोठावली. “मोटोर आउस!” उभ्या गाडीचं इंजिन इथे चालू ठेवत नाहीत, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी बंद केलं. ती कोपऱ्यावरून वळली आणि मी पुन्हा चालू केलं.

आणि अमोल यायच्या वेळेआधी मी इंजिन बंद करून काचा खाली घ्यायचे. ऊब निघून जावी म्हणून. एकदा रेवा ओल्या केसांनी आत चढली, सीटवर हात ठेवून म्हणाली, “आजी, वार्म!” अमोल हसला, “अगं, आजी बसली होती ना तिथे.” मीही हसले. लपवायचं काही नव्हतं तर काचा कशाला उघडत होते मी?

जानेवारीतल्या एका रविवारी अमोल आणि संतोष जेवायला बसले होते. मी पोळ्या वाढत होते. अमोल म्हणाला, आमच्या दोन दिवसांचा आकडा सोळाच्या जागी चोवीसवर जातोय. म्हणजे शुक्रवारी टाकी फुल होत नाही.

“अरे, नळी आपोआप बंद होईपर्यंत भरतो मी.”

“मग डिझेल जातं कुठे? गाडी उभ्या उभ्या पिते?”

“उभी राहून चालू असेल तर पिते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आणि चालू ठेवतं कोण? आई?” अमोल हसला. संतोषलाही हसू आलं.

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी हातात पोळी घेऊन उभी होते. चौथी शिकले हे मी जन्मभर माणसांपासून लपवत आले. त्या दिवशी मी त्याच्याच आड लपले. एवढ्या मोठ्या गाडीची किल्ली हिला काय फिरवता येणार? मी संतोषच्या ताटात पोळी वाढली. नको म्हणत असताना वाढली.

पण तुम्ही म्हणाल, घाबरली असेल, घडतं माणसाकडून. थांबा. पुढचं ऐका.

पुढच्या शुक्रवारी अमोलने स्वतः टाकी भरली. शनिवारी मी गाडीत बसले आणि किल्लीला हात लावला नाही. शाल घट्ट लपेटून, दात वाजत, दीड तास. मला वाटत होतं मी प्रायश्चित्त घेतेय! सोमवारी आकडा सोळा आला. बरोबर सोळा. आणि संतोष खोटा ठरला.

कळतंय ना? त्या दिवशी मी नेहमीसारखी ऊब घेतली असती, तोंडातून एक शब्द न काढता, तरी तो सुटला असता. अमोलने भरूनही चोवीस आला असता. हे मला सोमवारी कळलं नाही. शनिवारीच, त्या थंडीत, गाडीत बसल्या बसल्या कळलं होतं. किल्ली माझ्या मांडीवर होती.

नोंदी मनाने लिहिणारा माणूस, असं त्याच्याबद्दल ऑफिसात झालं. फेरट्राग वाढला नाही. मार्चमध्ये तो सांगलीला परत गेला. बायकोने जर्मनीला न्यायला म्हणून पापड करून ठेवले होते म्हणे, हसत सांगायचा.

जाण्याआधी तो दुपारी आला. अमोल घरी नव्हता; मला वाटतं, म्हणूनच आला. पाया पडला. मी चटणीची पुडी दिली. दारात बूट घालताना मान वर न करता म्हणाला, “काकू, टाकी फुलच होती.”

घरात आम्ही दोघंच होतो. मराठीत बोलत होतो. परकी भाषा नव्हती, कॅफे नव्हता, तिसऱ्यांदा मोठ्याने विचारणारं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “देव बघतो सगळं.”

त्याने मान हलवली. त्याला ते बरं वाटलं, हे मला दिसलं.

टाकी फुलच होती. दर शुक्रवारी फुल होती. गाडी मी चालू ठेवत होते.