पाच शब्द आणि निळा गोल

वृद्धांची स्मरणशक्ती तपासणारी टॅबलेटवरची एक चाचणी तयार होत होती. ती देताना माणसं कुठे अडतात, हे टिपायचं काम माझ्याकडे होतं. अट एकच, मदत करायची नाही. ती पाळताना माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

म्हसावदला देवळाच्या सभामंडपात एक आजी समोर बसल्या. टॅबलेटने पाच शब्द ऐकवले आणि परत म्हणायला सांगितले. उरलेला वेळ दाखवणारा निळा गोल आक्रसू लागला. आजी गप्प. डोक्यावरचा पदर तेवढा पुढे ओढला. मी पाय हलवत होतो, पेनाचं टोपण काढत-लावत होतो. बोला ना, काहीतरी बोला! गोल संपला. पडद्यावर भलंमोठं शून्य आलं. ‘सूचना कळली नाही,’ मी वैतागून लिहिलं.

तेवढ्यात, पुढच्या पाळीसाठी मागे बसलेले एक बाबा चहाला बाहेर गेले. आजींनी पदर मागे सारला आणि एका दमात म्हणाल्या, “विळा, मोर, दोरी, चूल, पाणी.”

“मग मघाशी का नाही बोललात?” माझा आवाज चढलाच.

“मन्हा जेठ बठेल व्हतात ना मांगे!”

नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर त्या लग्नापासून कधी बोललेल्या नव्हत्या. मी घाईघाईने मागे जायचं बटण शोधू लागलो. चाचणीत ते नव्हतंच.

बाबा परतले. पडद्यावरचं शून्य बघून हळहळले, “तिन्हं डोकं आते चालत नही.”

आजींनी पदर पुढे ओढला.